खालच्या वाडीची कोरडी पेअर

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या आम्हा मंडळींची वर्षातून दोनदा बैठक होते. चहापोहे झाले की प्रत्येकाने नोकरीतला एक किस्सा सांगायचा. माझी पाळी आली की मी पिलरमध्ये निघालेल्या घोणशीचा किस्सा सांगतो. तो इतक्या वेळा सांगून झालाय की कुठे हसायचं ते आता सगळ्यांना पाठ आहे. सांगायला हवा होता तो किस्सा वेगळाच, पण त्याच पिलरमधला. तो मी बरीच वर्षं टाळत आलो. बायकोलाही सांगितला नाही. आता पंचाहत्तरी उलटली. अक्षर वाकडं येतं, तरी वाचता येण्याजोगं आहे तोवर लिहून टाकतो.

आधी पिलर म्हणजे काय ते सांगायला हवं. एक्स्चेंजमधून निघालेली जाड केबल जमिनीखालून जाते आणि रस्त्याकडेच्या कमरेएवढ्या लोखंडी पेटीत वर येते. ती पेटी म्हणजे पिलर. तिथून पुढे बारीक केबली घराघरांकडे फुटतात. एका फोनला तांब्याच्या दोन तारा लागतात, त्या जोडीला आम्ही पेअर म्हणायचो. एक्स्चेंजकडून आलेली कुठलीही पेअर पिलरमध्ये कुठल्याही घराच्या तारांना जोडता येते. दोन टोकं काढायची, दोन लावायची. माझ्यासारख्याला पाच मिनिटांचं काम.

आमचं गाव रत्नागिरीहून लांज्याकडे जाताना हमरस्ता सोडून आत आहे. एक्स्चेंजच्या बाजूला वरची आळी. तिथे पोफळी, कलमांच्या बागा, चौकटीला तेलपाणी केलेली घरं. मधला पऱ्ह्या, म्हणजे ओढा, ओलांडला की खालची वाडी. जांभ्या दगडाच्या कुंपणभिंती, म्हणजे गडगे, भातखाचरांचे चोंढे, आणि बहुतेक घरातला एक तरी माणूस मुंबईला. माझा जन्म खालच्या वाडीतला. नोकरी लागल्यावर मी एक्स्चेंजच्या जवळ दोन खोल्या बांधल्या, म्हणजे ना धड वर ना खाली. पिलर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पऱ्ह्याच्या पुलाअलीकडे.

१९९८ साली वरच्या आळीत घरटी फोन होता आणि खालच्या वाडीत एकही नव्हता. मुंबईहून निरोप आला तर वरच्या आळीतलं कुणी तरी पुलापर्यंत येऊन हाक मारायचं. त्या वर्षी मला कळलं की अपंग व्यक्तींना एसटीडी बूथ देताना प्राधान्य आहे. वाडीत माझ्या वर्गमित्राची मुलगी होती. लहानपणी पोलिओ होऊन तिचा उजवा पाय गेलेला. कॅलिपर लावून, गडग्याचा आधार घेत चालायची. दहावी झालेली, ब्लाउज शिवून द्यायची. गावच्या नात्याने मी तिचा काका. मी फॉर्म घेऊन गेलो तर हसायला लागली.

"काका, वाडीत फोन लावनार कोन? इथं सगळी एकमेकांशी वरडूनच बोलतात."

"मुंबईपर्यंत ओरडता येतं का, बाय?" मी म्हटलं.

तिने फॉर्म भरला. मंजूर व्हायला वर्ष गेलं नाही, हेही नवलच. ज्या दिवशी तिची लाइन जोडायची होती, त्या सकाळी मी पिलर उघडून बसलो आणि एकेक मोकळी पेअर मीटर लावून तपासली. आमच्याकडे कातळ फोडून केबल पुरायची म्हणजे खोल पुरता येत नाही. पावसाचं पाणी सांध्यांत शिरतं आणि फोनमध्ये खरखर येते. त्या केबलीत एकच मोकळी पेअर अशी होती की भर आषाढातसुद्धा ती कोरडी राहिली असती. ती मी तिला दिली. मला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या बूथवर अख्खी वाडी बोलणार होती, म्हणून दिली. नोकरीत मी केलेलं सगळ्यात चांगलं काम ते.

बूथ छान चालला. पिवळी पाटी, काचेची केबिन, लाल आकडे पळणारं मशीन, आणि बाहेर फळीचा बाक. त्या बाकाचा तिने एक नियम केला होता. फोनवर वाईट बातमी आली की माणसाने लगेच उठून घरी जायचं नाही. बाकावर बसायचं, ती कोकमाचं सरबत देईल ते प्यायचं, मग जायचं. नोकरी गेल्याचं, दुखण्याचं, कुणी गेल्याचं, सगळं त्या बाकावर थोडं थंड होऊन मग घरी पोचायचं. गणपतीच्या आधी आठवडाभर कोण कधी निघतंय, गाडीचं रिझर्व्हेशन मिळालं की नाही, हे तिला सगळ्यांच्या आधी ठाऊक असायचं. वाडीतल्या म्हाताऱ्या तिला विचारूनच भात किती शिजवायचा ते ठरवायच्या.

वरच्या आळीत माझे शाळेतले हेडमास्तर राहायचे. तेव्हा निवृत्त झालेले, मोठी आंब्याची बाग. त्यांचा फोन पावसाळ्यात हमखास खरखरायचा. मला रस्त्यात गाठून ते एकदा म्हणाले, "अरे, खालच्या वाडीचा फोन ठणठणीत आणि हेडमास्तराचा आजारी. हा कुठला न्याय शिकलास तू माझ्या शाळेत?" मी हसलो. मनातून मला बरं वाटलं होतं.

मग मोबाइल आले. वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, टॉवर उभा राहिला आणि दोन गणपतींत बूथची रांग आटली. वाडीतली पोरं गडग्यावर चढून रेंज शोधायला लागली. तिने तक्रार केली नाही, पण एक दिवस मला म्हणाली, "काका, मशीन पुसायला घेतलं की वाटतं पुसून झाल्यावर करायचं काय." साधारण त्याच सुमाराला, २००७च्या आसपास, आमच्या एक्स्चेंजला ब्रॉडबँड येणार असं कळलं. रत्नागिरीत तेव्हा सायबर कॅफे होते, लांज्याला दोन. दहावी-बारावीचे निकाल कॉम्प्युटरवर लागू लागले होते, परीक्षांचे फॉर्म, प्रवेश, सगळं हळूहळू तिकडे चाललं होतं. मीच तिला म्हटलं, "अर्ज टाक. पहिला अर्ज तुझा लागू दे."

पहिला तिचाच लागला. तिच्या भावाने मुंबईहून वापरलेला कॉम्प्युटर पाठवला. गोधडीत गुंडाळून, खाजगी बसच्या डिकीतून तो आला आणि हमरस्त्यापासून वाडीपर्यंत डोक्यावरून आणला गेला. गावच्या सुताराने टेबल केलं. केबिनची काच काढून ती जागा मोठी केली. कॉम्प्युटर टेबलावर बसला, त्याच्यावर तिने स्वतः शिवलेलं अबोली रंगाचं कव्हर चढलं. आता फक्त लाइन यायची होती. वाडी तिला रोज विचारायची, आणि ती रोज सांगायची की काकांचं काम आहे, होईल.

रत्नागिरीहून आलेल्या इंजिनिअरने एक्स्चेंजमध्ये मशीन बसवलं आणि मला समजावलं की बोलणं ओल्या तारेवरूनही जातं, पण ब्रॉडबँड कोरड्या पेअरवरच टिकेल. प्रत्येक अर्जाची पेअर तपासून होणार की नाही ते रजिस्टरमध्ये लिहायचं. मला तपासायची गरजच नव्हती. कोरडी पेअर कुणाकडे आहे, ते माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

आठेक दिवसांनी हेडमास्तरांनी मला घरी बोलावलं.

त्या घरी मी शेकडो वेळा गेलो होतो. लहानपणी वडलांबरोबर नारळ पाडायला. वडील समोरच्या खळ्यात, अंगणात, उकिडवे बसायचे, आणि त्यांचा चहा वळचणीला वेगळ्या ठेवलेल्या कपातून यायचा. पुढे मी लाइनमन म्हणून गेलो ते शिडी घेऊन, मागच्या बाजूने. तो वेगळा कप कधीच गेला होता, चहा सगळ्यांसारखाच मिळायचा, पण मी तो उभ्याने प्यायचो. बसा असं कुणी म्हणायचं नाही आणि मलाही बसावंसं वाटायचं नाही.

त्या दिवशी हेडमास्तर गुरुजींनी मला ओटीवरच्या झोपाळ्यावर बसवलं. स्वतः शेजारी बसले. त्यांच्या पत्नीने, बाईंनी, ओल्या खोबऱ्याच्या वड्या आणल्या, बशीत, चमचा लावून. गुरुजींनी एक फोटो दाखवला. परदेशातल्या मुलाला मुलगा झाला होता. हिच्या गुडघ्यांनी प्रवास होत नाही, कॉम्प्युटरवर कॅमेरा लावून नातू बघता येतो म्हणतात, असं ते सांगत होते. मग म्हणाले, "आमच्या लाइनचं काय ते तुमच्याच हातात आहे."

मी म्हटलं, "बघतो, गुरुजी."

मला कुणी दम दिला नाही. कुणी पाकीट पुढे केलं नाही. ते दोघं मुळात चांगली माणसं होती, आणि दुसऱ्या कुणाची लाइन काढून आम्हाला द्या असं ते म्हणाले नव्हते. दुसऱ्या कुणाचा विषयच त्यांच्या मनात नव्हता. मी झोपाळ्यावर बसलो होतो, पाय जमिनीला टेकत होते, झोका हळू जात होता, आणि समोर खळ्यात मला माझे वडील उकिडवे दिसत होते. हे बघायला ते हवे होते, असं मनात आलं. इतकंच झालं. याला लाच म्हणता येत नाही, म्हणून तर कुणाला सांगताही येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी पिलर उघडला. गुरुजींची ओली पेअर काढली. बूथची कोरडी काढली. एकमेकींच्या जागी लावल्या. डोक्यावर पाटी घेऊन मासळीवाली पुलावरून येत होती. थांबून म्हणाली, "कुनाचा फोन बिगडला वो?"

"कुणाचाच नाही."

"मग उगडलाव कशाला?"

मी पक्कडीने टोक आवळत राहिलो. तिला घाई होती, ती गेली.

मग मी मीटर लावून बूथची लाइन तपासली आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: केबलमध्ये ओल, ब्रॉडबँड शक्य नाही. मी खोटं लिहिलं नाही. आधी ते खरं करून ठेवलं आणि मग लिहिलं.

संध्याकाळी बूथवर गेलो. इंजिनिअरचं नाव घेऊन सांगता आलं असतं, पण मीच सांगितलं की तार ओली निघाली. तिने त्या अबोली कव्हरची कड हाताने सरळ केली. मग उठली, कॅलिपरचा आवाज करत आत गेली आणि कोकमाचं सरबत घेऊन आली.

"बसा काका," म्हणाली. "तुमीच जास्त मनाला लावून घेतलाव. तार ओली तर तुमी काय करनार?"

मी त्या बाकावर बसलो. तिच्या नियमाप्रमाणे, वाईट बातमी माझी असल्यासारखं. सरबत प्यायलो.

पुढची दोन-अडीच वर्षं मी पुष्कळ काही पाहिलं. वरच्या आळीत ब्रॉडबँड आलं ते नुसतं नातू बघण्यापुरतं राहिलं नाही. गुरुजींच्या घरी दर रविवारी सकाळी कॅमेरा लागायचा आणि बाकीचे सहा दिवस शेजारचे बागायतदार येऊन बसायचे. वाशीच्या बाजारात आज पेटीला काय भाव निघाला ते त्यांना इथे बसून कळायला लागलं. पुण्याची गिऱ्हाईकं ईमेलवरून थेट पेट्या मागवू लागली. कुणी न्याहारी-निवासाची सोय सुरू करून खोल्यांचे फोटो टाकले. खालच्या वाडीतल्या कलमांचा आंबा तोच, त्याच सड्यावरचा, पण तो दारात आलेल्या दलालाच्या तोंडाकडे बघून विकला जायचा. मधे फक्त एक पऱ्ह्या. पुलावरून माणसं रोज ये-जा करायची, पण ही गोष्ट काही पुलावरून पलीकडे गेली नाही.

आणि ती? ती गप्प बसणारी नव्हती. तिने एक कापडी पिशवी शिवली, आतून कप्पे केलेली. वाडीतले सगळे कागद त्या पिशवीत जमा व्हायचे: कुणाचा निकाल बघायचा नंबर, कुणाचा नोकरीचा अर्ज, कुणाला मुलाने आखातातून पाठवलेलं पत्र छापून हवं असायचं. सोमवारी आणि गुरुवारी सकाळच्या एसटीने ती लांज्याला जायची. सायबर कॅफेत बसून एकेकाचं काम करायची, आणि दुपारच्या गाडीने छापलेले कागद घेऊन परत. शिकलीही तिथेच. कॅफेवाला पुढे पुढे तिलाच विचारायचा म्हणे. एसटीची पायरी तिला उंच पडायची, कंडक्टर हात द्यायचा. एक कंडक्टर थट्टेखोर होता. गाडी पुलाजवळच्या आमच्या फाट्यावर लागली की ओरडायचा, "चला, खालच्या वाडीचा इंटरनेट उतरवून घ्या!" ती खाली उतरत म्हणायची, "हळू वो, वायर तुटंल." सगळी गाडी हसायची. मी एकदा त्याच गाडीत मागे बसलो होतो. मीही हसलो, म्हणजे तोंड तसं केलं.

तार परत बदलावी असं मला वाटलं नाही असं नाही. बऱ्याचदा पक्कड घेऊन पुलापर्यंत गेलो. पण गुरुजींचं बंद पडलं तर ते बोलावणार, का पडलं ते विचारणार, आणि मी त्या झोपाळ्यावर बसून काय सांगणार? पाऊस संपू दे, दिवाळी होऊ दे, सीझन जाऊ दे, असं करत राहिलो. बूथवरून जायचा रस्ता सोडला, शाळेच्या मागून जायला लागलो. ती मात्र दर मे महिन्यात माझ्या घरी फणसाचं साठ, म्हणजे फणसपोळी, पाठवायची. काका आमच्यासाठी खपतायत, रत्नागिरीपर्यंत भांडतायत, असं ती वाडीत सांगायची हे मला नंतर कळलं. साठ फार चांगलं असायचं. मी ते खायचो.

एक गोष्ट घडली ती सांगितली नाही तर बाकी सगळं लिहून उपयोग नाही. तिची भाची दहावीला वाडीत पहिली आली. तिला रत्नागिरीला डिप्लोमा करायचा होता. प्रवेशाचा अर्ज कॉम्प्युटरवरून भरायचा, शेवटची तारीख ठरलेली. एक दाखला यायला उशीर झाला, तो हातात आला शेवटच्या दिवशी. पाऊस झोडपत होता, दरड आली म्हणून सकाळची एसटी आलीच नाही. मावशी-भाची छत्री धरून फाट्यावर दुपारपर्यंत उभ्या होत्या. मी घराच्या खिडकीतून त्यांना बघत होतो. गुरुजींचं घर तिथून पाच मिनिटांवर. तिकडे चला, त्यांच्या कॉम्प्युटरवरून भरू, असं म्हणायला मी बाहेर पडायला हवं होतं. पण मग तिने विचारलं असतं की गुरुजींची तार कोरडी कशी काय. म्हणजे तिने विचारलं नसतंच. पण मला वाटलं की विचारेल.

त्या वर्षी प्रवेश हुकला. पुढच्या वर्षी घरी आजारपण आलं आणि मुलगी लांज्याला काजूच्या कारखान्यात लागली. तिथेच रुळली. पुढे लग्न झालं, दोन मुलं आहेत, चांगली हसतमुख आहे. काजूगर काढणाऱ्या बायकांची बोटं चिकाने काळी पडतात, तशी तिची पडली आहेत.

२००९ साली मी निवृत्त व्हायच्या काही महिने आधी गुरुजी आणि बाई मुलाकडे राहायला गेले. घराला कुलूप, लाइन पडून. मला वाटलं, आता तरी. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात मी पिलर उघडला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बूथची पेअर बूथला लावली आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: केबलचा सांधा दुरुस्त केला. हे मात्र सरळ खोटं होतं.

मॉडेमचे दिवे बूथवर स्थिर झाले तेव्हा वाडीतली वीसेक माणसं दारात उभी होती. तिने कव्हर काढून घडी घातली. पहिलं काय बघायचं यावर वाद झाला. शेवटी तिने आकाशातून काढलेला नकाशा उघडला आणि रत्नागिरीवरून, लांज्यावरून सरकत सरकत आमच्या गावावर आणून ठेवला. पऱ्ह्याची रेघ दिसली. पलीकडे तांदळाच्या दाण्याएवढी घरं. एकदम गलका झाला. जो तो आपलं छप्पर शोधायला लागला. एक म्हातारे पुढे वाकून म्हणाले, "माझी गाय गोठ्यात हाय का बग गो." ती म्हणाली, "आजोबा, हा फोटो जुना हाय, तेवा तुमची गाय जन्माला बी आली नवती." तेव्हा म्हातारे म्हणाले, "मग माझी म्हातारी असंल बग अंगनात." त्यांची बायको तीन वर्षांपूर्वी गेली होती.  तिने ते चित्र जेवढं मोठं होईल तेवढं मोठं केलं आणि त्यांना खुर्ची दिली.

पुढच्या सहा महिन्यांत बूथचं सेंटर झालं. बायकांच्या बचत गटाने कोकम आणि आंबापोळीच्या ऑर्डरी मुंबईहून थेट घ्यायला सुरुवात केली. आंब्याच्या सीझनला दलाल दारात आला की बायका सांगायच्या, थांब, आधी भाव बघून येतो. त्या वाक्याचा आवाज मी पुलावर उभं राहून ऐकला आहे, आणि आयुष्यात फार कमी गोष्टींनी मला इतकं सुख दिलं आहे. म्हणूनच म्हणतो, मी दुःखी म्हातारा नाही. जे व्हायचं ते उशिरा का होईना झालं. फक्त ते उशिरा कुणामुळे झालं, ते एकट्या मला माहीत होतं.

माघात वाडीची सत्यनारायणाची पूजा असते. त्या वर्षी पूजेच्या मांडवात माझा सत्कार ठरला. मी नाही म्हणून पाहिलं, कुणी ऐकलं नाही. आदल्या दिवशी मी एका कागदावर सगळं लिहिलं. सात-आठच वाक्यं होती. कागद सदऱ्याच्या खिशात ठेवला. मांडवात तिने माईक घेतला. तिला बोलायची सवय नव्हती, कागद नव्हता. म्हणाली, "बूथ काकांनी दिला, इंटरनेट बी काकांनी दिला. अडीच वर्सं तार ओली होती, पन ह्या मानसानं नाद सोडला नाय. रिटायर व्हायच्या आधी आमची तार सुकवून मगच गेले." टाळ्या झाल्या. भाचीने माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. तिची बोटं माझ्या हाताला लागली.

माझ्यापुढे माईक आला. खिशात हात घातला, कागद होता. समोर माझ्या लहानपणापासूनची माणसं बसली होती, सगळ्यांची तोंडं हसरी. मी म्हणालो, "तारेचं काम असंच असतं. कधी कुठे पाणी शिरेल, सांगता येत नाही." लोक हसले. मी घोणशीचा किस्सा सांगितला. आणखी हसले. मग प्रसाद वाटायला सुरुवात झाली.

ती शाल मी वापरत नाही, पण टाकतही नाही.

आता दर नोव्हेंबरात मला पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागतो. तो तिच्याच सेंटरवर निघतो. यंत्रावर अंगठा ठेवायचा. चाळीस वर्षं तारा सोलून माझ्या अंगठ्यावरच्या रेषा झिजल्या आहेत, यंत्र मला ओळखत नाही. ती केस पिकल्यापासून चष्मा लावते. चष्म्यावरून बघत म्हणते, "काका, दाबा जरा, नायतर सरकार तुमाला मेलेला समजंल." मग माझा अंगठा आपल्या पदराने पुसते आणि दोन बोटांनी धरून यंत्रावर टेकवते. तेव्हा सेंटरमध्ये दुसरं कुणी नसतं. बाक अजून आहे.

या नोव्हेंबरात ही पानं मी पिशवीत घालून तिच्याकडे नेली होती. गावात टाईप करून देणारी तीच. विचार असा की, हे एवढं टाईप करून दे, म्हणावं, आणि बाकावर बसून राहावं. ती वाचत वाचत टाईप करेल, मला तोंडाने बोलावं लागणार नाही. अंगठा लागला, दाखला छापून आला. तिने विचारलं, "पिशवीत काय हाय? टायपिंग हाय काय?" मी म्हटलं, "नाही गं, भाजी आहे."

म्हणून परवा सकाळच्या एसटीने मी लांज्याला गेलो. पायरी मलाही आता उंच पडते, कंडक्टरने हात दिला. तिथल्या एका दुकानात बसून पानं टाईप करून घेतली आणि दुपारच्या गाडीने छापलेले कागद मांडीवर घेऊन परत आलो. वाटेत तिला सांगायची चार वाक्यं ओठातल्या ओठात घोकत होतो. फाट्यावर उतरलो तेव्हा ती सेंटरच्या दारात उभी राहून कुणाला तरी वाट दाखवत होती. मला बघून तिने हात हलवला. मीही हलवला, आणि शाळेच्या मागच्या वाटेने घरी गेलो.

बाय, तार ओली नव्हती. तुझी कोरडी पेअर मी माझ्या हाताने काढून दुसऱ्याला दिली. तुझं आणि त्या पोरीचं मी नुकसान केलं. मला माफ कर.